छायाचित्रकाराची तालीम

एखाद्या गवयाची नव्याने ओळख झाली म्हणजे आपण त्याला पहिला प्रश्न विचारतो तो त्याच्या गुरूविषयी. तालीम कोणाकडे झाली, घराणे कोणते, हे कळल्यावाचून आपले समाधान होत नाही; आणि तोही गुरूचे नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतो. छायाचित्रकाराला मात्र हा प्रश्न कोणी विचारीत नाही. त्याचे चांगले चित्र पाहिले की लोक विचारतात, कॅमेरा कोणता? उत्तम पुरणपोळी खाऊन सुगरणीला तवा कोठून आणला असे विचारावे, तसाच हा प्रकार. यात लोकांचा दोष नाही. खुद्द छायाचित्रकारच एकमेकांना भेटले की भिंगे आणि किमती यांवर तासन्‌तास बोलतात, आणि आपण कोणाची चित्रे पाहून शिकलो हे सांगावयाचे राहून जाते.

वस्तुतः छायाचित्रणातही तालीम असते. ती बहुधा समोरासमोर बसून होत नाही. दूरदेशीच्या, कधी कधी हयात नसलेल्या माणसाच्या चित्रांतून होते. या तालमीत नेमके काय मिळते, घ्यावे काय आणि टाकावे काय, याचा विचार येथे करावयाचा आहे. आमची आवडती माणसे पुष्कळ आहेत. परंतु ज्यांच्या बाबतीत हे देणेघेणे स्पष्ट दाखविता येते अशा दोन परंपरा आम्ही निवडल्या आहेत: एक धावत्या क्षणाची आणि दुसरी स्थिर उभ्या असलेल्या शहराची.

पहिली परंपरा एका चित्रापासून सुरू होते. मार्टिन मुंकाची हा हंगेरियन छायाचित्रकार. त्याचा जन्म 1896 चा. बुडापेस्टमध्ये तो खेळांच्या सामन्यांची चित्रे काढीत असे, पुढे बर्लिनच्या सचित्र साप्ताहिकांत त्याने नाव मिळविले. खेळाचे चित्र काढणाऱ्याला चेंडू दिसल्यावर बटण दाबून भागत नाही. चेंडू कोठे येणार हे आधी ओळखावे लागते, कारण डोळ्याला दिसून बोट हलेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. हे आधी ओळखणे मुंकाचीच्या हाडीमाशी खिळलेले होते. 1930 च्या सुमारास आफ्रिकेच्या प्रवासात त्याने तीन मुलांचे एक चित्र टिपले. टांगानिका सरोवराच्या नावाने ते प्रसिद्ध आहे. तीन उघडी मुले, आपल्याकडे पाठ करून, लाटेत धावत शिरत आहेत. पांढऱ्या फेसावर त्यांच्या काळ्या आकृती उठून दिसतात. हातपाय असे पसरलेले, की तिघे मिळून एकच आकार झाला आहे. कोणाचाही चेहरा दिसत नाही. तरीही त्यांचा आनंद आपल्याला दिसतो, आणि तो पाठमोऱ्या शरीरांतून दिसतो, ही त्या चित्राची करामत.

हे चित्र छापून आले आणि पॅरिसमध्ये एका तेवीस वर्षांच्या तरुणाच्या पाहण्यात आले. आंरी कार्तिए-ब्रेसाँ त्याचे नाव. चित्रकार व्हावे म्हणून तो आंद्रे लोत या चित्रकाराकडे शिकला होता, आफ्रिकेत जाऊन जिवावरच्या तापातून नुकताच वाचून परतला होता, आणि पुढे काय करावे हे त्याचे त्याला ठरत नव्हते. छायाचित्राने असे काही साधता येते हे त्या तीन मुलांना पाहून आपल्याला उमगले, असे तो पुढे आयुष्यभर सांगत राहिला. 1932 साली त्याने लायका कॅमेरा घेतला.

या कॅमेऱ्याविषयी दोन शब्द सांगणे भाग आहे. 1925 साली बाजारात आलेला लायका चित्रपटाची 35 मिलिमीटर रुंदीची फिल्म वापरीत असे. एका रिळावर 24 बाय 36 मिलिमीटरची छत्तीस चित्रे निघत. तोवर चांगल्या कामाला तिवई, काचा आणि पोत्याएवढे सामान लागे. आता कॅमेरा मुठीत मावू लागला. कार्तिए-ब्रेसाँने त्याचे चकाकणारे भाग काळ्या फितीने झाकून टाकले, बहुतेक सारे काम 50 मिलिमीटरच्या एकाच भिंगावर केले, आणि झोतदिव्याला हात लावला नाही. माणसे आपल्याकडे पाहू लागण्यापूर्वी चित्र काढावयाचे, हा त्यामागचा हेतू.

आता त्याने मुंकाचीकडून घेतले काय, हे पाहावयाचे तर त्याच वर्षीचे सँ लाझार स्टेशनामागचे त्याचे चित्र समोर ठेवावे. पावसाचे पाणी साचलेले एक आवार आहे. पाण्यात आडव्या पडलेल्या शिडीवरून एका माणसाने उडी घेतली आहे. त्याची टाच पाण्याला टेकण्याच्या बेतात आहे, पण टेकलेली नाही. खाली पाण्यात त्याचे उलटे प्रतिबिंब, आणि मागच्या भिंतीवर चिकटवलेल्या जाहिरातीत एक नर्तकी अगदी तशीच झेप घेत आहे. कुंपणाच्या फटीत भिंग घालून हे चित्र काढलेले आहे. फळी आड आल्यामुळे त्याची एक बाजू पुढे कापावी लागली. एरवी चित्र कापण्याला त्याचा कडक विरोध असे.

येथे आफ्रिका नाही, समुद्र नाही, मुले नाहीत. मुंकाचीच्या चित्रातले दिसण्यासारखे काहीही त्याने उचललेले नाही. उचलली ती एक जाणीव: धावत्या शरीराला एक असा आकार येतो, जो क्षणापूर्वी नव्हता आणि क्षणानंतर राहणार नाही. तिला त्याने लोतकडे शिकलेल्या रेखाबंधाची जोड दिली. म्हणून मुंकाचीच्या चित्रात आनंद आहे, तर याच्या चित्रात आनंदाबरोबर एक गणित आहे. दोघे एकाच घराण्यातले. पण गायकी निराळी.

कार्तिए-ब्रेसाँचे सुप्रसिद्ध पुस्तक 1952 साली निघाले. इंग्रजीत त्याचे नाव ‘निर्णायक क्षण’ अशा अर्थाचे ठेवले गेले, आणि आमच्या मते या नावाने छायाचित्रकारांच्या एका पिढीचे थोडे नुकसानच केले. जो तो उडी मारणारा माणूस शोधू लागला. फ्रेंच नावाचा रोख वेगळाच आहे. परवान्याशिवाय रस्त्यावर माल मांडणारा आणि नगरपालिकेची गाडी दिसताच पथारी गुंडाळून पळणारा फेरीवाला जसा धंदा करतो, त्या चोरट्या घाईसाठी फ्रेंचमध्ये जो शब्द आहे तोच त्या नावात आहे. त्यात क्षणाची थोरवी सांगितलेली नाही. चित्र काढणाऱ्याची लगबग आणि थोडा संकोच सांगितलेला आहे.

त्याची आम्हांला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट मात्र उडीची नाही. मे 1937 मध्ये लंडनला सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला. पॅरिसच्या एका वृत्तपत्रासाठी कार्तिए-ब्रेसाँ तेथे गेला आणि त्याने राजाकडे पाठ फिरविली. त्याने चित्रे काढली ती मिरवणूक पाहावयास आलेल्या लोकांची. एका चित्रात कठड्यावर दाटीने बसलेली माणसे मान उंचावून पाहत आहेत, आणि त्यांच्या पायाशी कागदांच्या पसाऱ्यात एक गृहस्थ गाढ झोपलेला आहे. राजाच्या शेकडो चित्रांपेक्षा त्या दिवसाविषयी हे चित्र अधिक सांगते. ज्या बाजूला सर्व कॅमेरे वळलेले आहेत, त्याच्या उलट बाजूला काय चालले आहे हे पाहण्याची सवय या एका गोष्टीतून लागते.

हा माणूस 1947 च्या अखेरीस भारतात आला. 30 जानेवारी 1948 रोजी दुपारी त्याने दिल्लीत गांधीजींची भेट घेतली. त्यानंतर थोड्याच वेळाने गांधीजींचा खून झाला. त्या संध्याकाळी बिर्ला भवनाच्या फाटकावर उंच उभे राहून नेहरू जमलेल्या लोकांना ती वार्ता सांगत आहेत, हे त्याचे चित्र अनेकांनी पाहिले असेल. तांत्रिक दृष्टीने ते सदोष म्हणावे लागेल. उजेड जवळजवळ नाही, रेषा हललेल्या आहेत, दिव्याचे धगधगते ठिपके आहेत. परीक्षेला पाठविले असते तर परीक्षकाने नापास केले असते. आणि तरी त्या हललेल्या रेषांतच ती संध्याकाळ आहे.

भारतातील या मुक्कामातून कार्तिए-ब्रेसाँचे जयपूरविषयी एक लहान पुस्तक निघाले. ते पुस्तक जयपुरात एका घरात एका मुलाच्या हाती लागले. तो मुलगा म्हणजे 1942 साली जन्मलेले रघुबीर सिंग. पुढे 1966 साली कार्तिए-ब्रेसाँ पुन्हा जयपुरास आला, तेव्हा या तरुणाला त्याला काम करताना प्रत्यक्ष पाहता आले. म्हणजे येथे तालीम काही दिवस तरी समोरासमोर झाली. माणसांच्या गर्दीत मिसळून जाणे आणि चौकटीच्या चारही कोपऱ्यांवर एकाच वेळी नजर ठेवणे, या गोष्टी त्यांच्या कामात त्या घराण्याच्या म्हणून ओळखू येतात.

परंतु गुरूची एक गोष्ट त्यांनी नाकारली, आणि ती साधी नव्हती. कार्तिए-ब्रेसाँला रंगीत छायाचित्राचे वावडे होते. त्या काळी प्रतिष्ठित छायाचित्र म्हणजे काळेपांढरे. रंग जाहिरातींसाठी आणि लग्नाच्या आल्बमांसाठी. रघुबीर सिंगांनी मात्र जन्मभर रंगातच काम केले. भारतीय माणसाची दृष्टीच मुळी रंगातून घडली आहे, आपली लघुचित्रे, आपले सण, आपली वस्त्रे यांतून रंग काढून टाकला तर उरणारी उदासी ही बाहेरून आणलेली असेल, असे त्यांचे म्हणणे होते. बिहारमध्ये मोंघीर येथे 1967 साली टिपलेले त्यांचे एक चित्र आहे. नदीकाठी मुसळधार पावसात चार स्त्रिया एकमेकींना बिलगून उभ्या आहेत, ओली पातळे अंगाला चिकटली आहेत. मुंबईवरचे त्यांचे पुस्तक 1994 साली निघाले. त्यासाठी काढलेल्या चित्रांत जवाहिऱ्यांची दुकाने आहेत. काचेच्या आतले गिऱ्हाईक आणि काचेत उमटलेला बाहेरचा रस्ता एकाच पातळीवर आलेले आहेत. आत श्रीमंती, बाहेर पदपथ, आणि मध्ये एक काच. मुंबईविषयी यापेक्षा थोडक्यात काय सांगावे?

रघुबीर सिंग 1999 साली निवर्तले, कार्तिए-ब्रेसाँ 2004 साली. मुंकाचीपासून येथवर तीन पिढ्या झाल्या, आणि प्रत्येक शिष्याने गुरूची एकच गोष्ट घट्ट धरून दुसरी एखादी सोडून दिलेली दिसते. पुढच्याने पूर्वीच्याचे सगळेच घेतले असते, तर एव्हाना जगभर फक्त पाण्यात धावणारी मुले उरली असती.

आता दुसरी परंपरा. येथे घाई मुळीच नाही.

यूजेन आत्जे हा 1857 साली जन्मलेला फ्रेंच मनुष्य आधी नट होता. रंगभूमीवर जम बसला नाही, तेव्हा चाळिशीच्या आगेमागे त्याने पॅरिसमध्ये छायाचित्रांचा धंदा सुरू केला. दारावर पाटी लावली, तिचा अर्थ ‘कलावंतांसाठी कागदपत्रे’ असा होता. चित्रकारांना चित्रात घालण्यासाठी एखादा दरवाजा, एखादे झाड, दुकानाची दर्शनी बाजू हवी असे. आत्जे ती टिपून विकी. आपण कलावंत आहोत असा त्याचा दावा नव्हता. लाकडी कॅमेरा, तिवई आणि 18 बाय 24 सेंटिमीटरच्या काचा पाठीवर घेऊन तो पहाटे निघे. जुने पॅरिस पाडले जात होते. गल्ल्या, जिने, दारावरच्या लोखंडी कड्या, बाजाराचे चौक, सारे तो पाडणाऱ्याच्या आधी गाठीत असे. आयफेल मनोरा मात्र त्याने जवळजवळ टाळलाच. तीस वर्षांत त्याने आठ हजारांहून अधिक चित्रे काढली, आणि 1920 साली त्यांपैकी अडीच हजारांवर काचा फ्रेंच सरकारला विकल्या.

त्याची चित्रे पाहताना काही खुणा ध्यानात येतात. त्याच्या काचा मंद होत्या, उजेड शोषून घ्यावयास त्यांना वेळ लागे. त्यामुळे त्या वेळात रस्त्यावरून गेलेला माणूस चित्रात येतच नाही, किंवा धुरासारखा येतो. उंच इमारत पुरती यावी म्हणून तो भिंगाची पुढची पाटी वर सरकवी. मग भिंगाचा उजेड वरच्या कोपऱ्यांपर्यंत पोहोचत नसे, आणि ते कोपरे कमानीसारखे काळे होत. त्या काळ्या कमानी त्याने कधी लपविल्या नाहीत. रिकाम्या रस्त्याकडे पाहताना असे वाटते की येथून कोणीतरी आताच उठून गेले आहे.

आत्जेच्याच रस्त्यावर मॅन रे हा अमेरिकन कलावंत राहत असे. त्याच्याकडे बेरेनीस अ‍ॅबट ही ओहायोतून आलेली तरुणी 1923 पासून डार्करूममध्ये मदतनीस होती. तेथे तिने आत्जेची चित्रे पाहिली आणि ती त्या म्हाताऱ्याकडे जाऊ लागली. 1927 साली तिने त्याला आपल्या स्टुडिओत बोलावून त्याचे चित्र काढले. तिला हवा होता तो रोजच्या ठिगळांच्या कपड्यांतला आत्जे. तो आला चांगला कोट घालून. काही काळाने ती काढलेली चित्रे दाखवावयास त्याच्या घरी गेली, तर दारावरची पाटी दिसेना. आत्जे वारला होता.

यापुढची गोष्ट आम्हांला कोणत्याही चित्राहून मोठी वाटते. अ‍ॅबटने आत्जेच्या मित्राचा पत्ता काढला, पैशांची जुळवाजुळव केली, आणि 1928 साली त्याच्या घरी राहिलेल्या हजाराहून अधिक काचा व हजारो प्रती विकत घेतल्या. न्यूयॉर्कला परतताना हे सारे ओझे तिने बरोबर नेले. चाळीस वर्षे ती त्या काचा सांभाळीत, त्यांच्या प्रती काढीत, पुस्तके करीत, लोकांना आत्जे कोण ते सांगत राहिली. 1968 साली तो संग्रह न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाकडे गेला. आज आत्जेचे नाव जगाला माहीत आहे ते मुख्यतः या बाईमुळे.

आणि तिचे स्वतःचे काम? 1929 साली ती न्यूयॉर्कला उतरली तेव्हा तेथे जुनी घरे पडून उंच इमारती उठत होत्या. पॅरिसची आठवण काढीत बसण्यापेक्षा तिने हेच काम या शहरात करावयाचे ठरविले. 1935 ते 1939 या काळात सरकारी योजनेखाली तिने आठ बाय दहा इंचांच्या मोठ्या कॅमेऱ्याने बदलत्या न्यूयॉर्कची तीनशेच्या वर चित्रे काढली. आत्जेने जुन्या गल्ल्या धरल्या. हिने जुनी दुकाने धरली, तसेच पूल आणि गगनचुंबी इमारतीही धरल्या. तिचे रात्रीच्या न्यूयॉर्कचे चित्र पाहावे. वरून पाहिलेले शहर, लाखो खिडक्या पेटलेल्या. त्यासाठी पंधरा मिनिटे उजेड द्यावा लागणार होता. अंधार हवा, आणि कचेऱ्यांतले दिवेही लागलेले हवेत. पण पाच वाजले की नोकर दिवे मालवून घरी जात. तेव्हा वर्षातील लहानात लहान दिवसांपैकी एखादा डिसेंबरचा दिवस निवडावयाचा, पाचापूर्वी अंधार पडेल अशी वेळ धरावयाची, आणि वारा लागून कॅमेरा हलू नये म्हणून उंच इमारतीच्या आतल्या खिडकीतून काम करावयाचे. चुकले तर त्या दिवशी पुन्हा संधी नाही. आत्जेपासून घेतलेला धीर येथे पंचांगाच्या हिशेबापर्यंत पोहोचलेला आहे.

या माणसांचा आमच्यासारख्या गावातल्या छायाचित्रकाराला उपयोग काय, हे आता एका उदाहरणाने सांगतो. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी पुण्याहून सासवडला जाते त्या दिवशी दिवे घाटात कॅमेऱ्यांची केवढी दाटी होते हे आपणांपैकी अनेकांनी पाहिले असेल. डोंगराच्या ठरलेल्या जागेवरून घाटाचे वळण, त्यावर माणसांची नदी, भगव्या पताका. चित्र सुंदर येते, यात शंका नाही. पण दरवर्षी शेकडो जण तेच चित्र घेऊन घरी जातात, आणि पताकांवरून साल सांगता येत नाही.

आम्ही त्या लंडनच्या राज्याभिषेकाची आठवण ठेवून पालखीकडे पाठ करून उभे राहू लागलो. पालखी अजून दिसत नाही, टाळ ऐकू येऊ लागले आहेत, अशा वेळी रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे पाहावेत. पाण्याची कळशी घेऊन सकाळपासून बसलेली म्हातारी उठून उभी राहते, दुकानदार गल्ला बंद करून पायरीवर येतो, बापाच्या खांद्यावरचे पोर मात्र भलतीकडेच पाहत असते. येणाऱ्याची चाहूल आधी ओळखण्याचा मुंकाचीचा धडा येथे लागतो, कारण पालखी समोर आली की सारे हात एकदम जोडले जातात, आणि तत्पूर्वीची ती दोन-तीन पळे निघून जातात.

आत्जेसाठी दुसऱ्या दिवशी पहाटे जावे लागते. वारकरी पुढे निघून गेलेले असतात. मोकळ्या रानात तीन दगडांच्या चुली, त्यांतली ओली राख, विसरलेली एखादी दोरी. रात्री पाऊस झालेला असला तर राहुट्या होत्या तेवढेच जमिनीचे चौकोन कोरडे दिसतात, बाकी सारा चिखल. त्या कोरड्या चौकोनांचे चित्र आम्ही अनेक सकाळी तिवई लावून काढले आहे. घरी आलेला पाहुणा ते पाहून विचारतो, यात वारी कोठे आहे? थोडा वेळ थांबला तर त्याची त्यालाच दिसते.

रंगाचे म्हणाल, तर वारीत रंग इतका आहे की तो चित्राला गिळून टाकतो. रघुबीर सिंगांच्या चित्रांवरून आम्ही एक साधी कसोटी काढली. चित्र रंगीत काढावे, मग मोबाइलवर किंवा संगणकावर त्यातला रंग काढून टाकावा. काही बिघडले नाही तर समजावे की रंग तेथे नुसता उभा होता, काम करीत नव्हता. पावसात डोक्यावर घेतलेले निळे प्लॅस्टिक आणि त्याखाली तुळशीवृंदावनाची हिरवी कडा, असे एखादे चित्र या कसोटीला उतरते. पताकांची बहुतेक चित्रे उतरत नाहीत.

एक गोष्ट मात्र या थोरांपैकी कोणाकडूनही आम्हांला पुरती शिकता आली नाही. काळ्या फितीने झाकलेल्या कॅमेऱ्याने माणसाला नकळत टिपावे, हे पाऊणशे वर्षांपूर्वी चालून गेले. आता चेहरा एका मिनिटात जगभर जातो. गरिबाचा चेहरा विशेष लवकर जातो, कारण तो हरकत घेत नाही. आम्ही चित्र आधी काढतो आणि मग त्या माणसाजवळ जाऊन ते दाखवितो. नको म्हणाला तर त्याच्या देखत पुसून टाकतो. यात काही चांगली चित्रे गेली आहेत. आमचे काही मित्र याला भाबडेपणा म्हणतात.

आपला आवडता छायाचित्रकार कसा अभ्यासावा, असेही लोक विचारतात. हल्ली अडचण आहे ती विपुलतेची. सकाळी चहा होईपर्यंत बोटाखालून दोनशे चित्रे सरकतात, आणि सायंकाळी एकही आठवत नाही. आमची रीत जुनी आहे. एकच चित्र चांगल्या आकारात छापून घ्यावे आणि महिनाभर टेबलासमोर लावावे. काढणारा कोठे उभा होता, उभा की बसलेला, उजेड कोणत्या बाजूचा, हे आधी शोधावे. मग तळहाताने चित्राचा एकेक भाग झाकून पाहावा. सँ लाझारच्या चित्रातली ती जाहिरातीतली नर्तकी झाकली, तर काय हरवते ते तत्काळ कळते. महिन्याच्या शेवटी बहुधा चित्राचा कंटाळा येतो. कंटाळा आलाच नाही, तर तो छायाचित्रकार आपला.

शेवटी, आवडते छायाचित्रकार म्हटले की पॅरिस आणि न्यूयॉर्ककडेच पाहावे असे नाही. आपल्या तालुक्याच्या प्रत्येक गावी पन्नास-पाऊणशे वर्षांपूर्वी एखादा तरी स्टुडिओ होता. पडद्यावर रंगविलेला राजवाडा, समोर वेताची खुर्ची, खुर्चीत टोपी घातलेले आजोबा आणि शेजारी नऊवारीतल्या आजी. त्या स्टुडिओवाल्याने गावच्या तीन पिढ्या काचेवर उतरविल्या, मिरवणुका उतरविल्या, नंतर पडलेले वाडे उतरविले. त्यांपैकी कित्येकांनी आत्जेप्रमाणेच आपण कलावंत आहोत असे कधी म्हटले नाही. आमच्या माहितीतला एक असा संग्रह घर विकताना भंगारात गेला. वरचा लेप धुऊन काचा तसबिरींना लावल्या गेल्या. एका गावातल्या निम्म्या लग्नांचे चेहरे तेथे मोरीतून वाहून गेले असतील.

अशा काचा कोणाच्या माळ्यावर असतील तर त्या पाण्याने किंवा ओल्या फडक्याने पुसू नयेत. चित्र ज्या लेपात आहे तो लेप सरसाचा असतो आणि ओलाव्याने सुटतो. काच नेहमी कडांनी धरावी. एकीवर एक रचल्या तर खालच्या फुटतात, म्हणून प्रत्येक काच साध्या कागदाच्या पाकिटात घालून लांब कडेवर उभी, पेटीत ओळीने ठेवावी. पांढऱ्या उजेडाच्या पडद्यासमोर काच धरून मोबाइलने तिचे चित्र घेतले आणि ते उलटे केले, म्हणजे काळ्याचे पांढरे व पांढऱ्याचे काळे केले, तर घरबसल्या कामचलाऊ प्रत मिळते. मग ती घेऊन गावातल्या सर्वांत वयस्कर माणसाकडे जावे आणि चित्रात कोण कोण आहे ते विचारून घ्यावे. त्याने सांगितलेली नावे, गाव आणि साल पाकिटावर पेन्सिलीने लिहावे. हे लिखाण काच आत घालण्यापूर्वी करावे; काच आत असताना लिहिले, तर पेन्सिलीचा दाब लेपावर उमटतो.